शिफारस करताना आवृत्तीही सांगा

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीत वाचकांनी सुचवलेल्या पुस्तकांचा रकाना आपण नियमित देता. त्याचे कात्रण घेऊन सभासद वाचनालयात येतात आणि तिथून अडचण सुरू होते. ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारे’, ‘प्रत्येकाने वाचलेच पाहिजे’ एवढाच मजकूर हाती असला, की देवघेवीच्या टेबलामागे बसलेल्या माणसाला कपाटातून नेमके काय काढावे ते कळत नाही. आवृत्ती कुठली, खंड किती, अनुवाद कोणाचा, कुठून सुरुवात करायची, यातले काहीच त्यात नसते. वाचकांची पसंती हवीच. समीक्षकाच्या लेखाने जी पुस्तके कपाटातून हलत नाहीत ती शेजाऱ्याच्या एका वाक्याने हलतात. ते वाक्य जरा उपयोगी असावे, यासाठी हे पत्र.

सगळ्यांच्या ओळखीच्या पुस्तकापासून सुरुवात करतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क असतो आणि ती वर्षे मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतो, आणि पुष्कळजण छापतात. शाळेच्या बक्षीस समारंभासाठी गठ्ठ्याने खरेदी करणारा माणूस किंमत पाहून घेतो, मग त्यात काटछाट केलेल्या प्रती येतात. मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ असे लिहिलेले असेलच याची खात्री नाही. तपासायला अर्धा मिनिट पुरतो. अनुक्रमणिका उघडून ‘रात्री’ (प्रकरणांना तिथे हेच नाव आहे) मोजायच्या. पूर्ण पुस्तकात ४२ रात्री आहेत. पहिली ‘सावित्री-व्रत’, शेवटची ‘आईचे स्मृतिश्राद्ध’. आकडा कमी भरला तर प्रत परत द्यावी. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चेही तेच. मूळ लेखन चार भागांचे, पण संक्षिप्त रूपही वर्षानुवर्षे चालत आले आहे. शिफारस करणाऱ्याने पूर्ण पुस्तक वाचलेले असते, घेणाऱ्याच्या हाती संक्षिप्त पडते, आणि ‘एवढे काय आहे यात?’ असा अभिप्राय येतो. संक्षेप करणाऱ्याची कात्री किरकोळ वाटणाऱ्या प्रसंगांवर चालते, आणि लक्ष्मीबाईंची सगळी खुमारी त्या किरकोळ प्रसंगांतच आहे.

सर्वाधिक गोंधळ ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्यांचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला आणि शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या कादंबरीची मागणी एकदम वाढली. तक्रार त्या वाढीबद्दल नाही. कादंबरी वाचून ‘संभाजी महाराजांचा खरा इतिहास कळला’ असे जे अभिप्राय छापले जातात त्यांच्याबद्दल आहे. कादंबरीतले संवाद, मनातले विचार, प्रसंगांची जुळणी हे सारे लेखकाचे असते, आणि कागदपत्रांत काय सापडते हा वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर हवे असेल तर वा. सी. बेंद्रे यांचे १९६० चे संभाजी महाराजांचे चरित्र आणि कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ ही दोन पुस्तके आहेत. बेंद्रे जड जातात. तारखा, पत्रे, चर्चा यांची दाटी असल्याने सरळ वाचत गेले की माणूस थकतो. आधी गोखल्यांचे पुस्तक संपवावे, मग कादंबरीतला जो प्रसंग मनात रुतला असेल तेवढ्यापुरते बेंद्रे उघडावेत. हा क्रम उलटा झाला तर बहुतेकांचे वाचन मध्येच सुटते.

अशा जोड्या आणखीही लावता येतात. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’च्या (१९८८) शेजारी त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ ठेवावे. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’नंतर थोरल्या माधवरावांचा काळ समजून घ्यायचा असेल तर सरदेसाईंच्या ‘मराठी रियासती’तला तेवढा भाग पुरे, आठही खंड घरी नेऊन कोणाचे भले झाल्याचे ऐकिवात नाही. ‘श्रीमान योगी’ सुचवताना तर एक गोष्ट आवर्जून लिहायला हवी, ती म्हणजे नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना. ती दीर्घ आहे म्हणून लोक ओलांडून पुढे जातात. शिवचरित्राकडे पाहायचे कसे, कादंबरीकाराला कुठे मोकळीक आहे आणि कुठे नाही, याचा एवढा रोखठोक विचार मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडतो. पण ती कादंबरी संपल्यावर वाचावी. आधी वाचली तर वाचक प्रत्येक पानावर कुरुंदकरांच्या नजरेने हिशेब मांडत बसतो आणि कथेचा रंग भरत नाही.

‘मृत्युंजय’बद्दलही थोडे. पुरवणीतल्या शिफारशींत ते सतत असते, आणि वाचणाऱ्याला हमखास गुंतवते हे खरे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहाजण आळीपाळीने बोलतात, एवढे आधी सांगून ठेवले तर नवा वाचक गोंधळत नाही. त्याच वर्षी, १९६७ मध्ये, इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ आले. त्यातला ‘मी कोण?’ हा कर्णावरचा लेख ‘मृत्युंजय’ संपल्यावर आठवड्याभरात वाचावा. भांडारकर संस्थेने जुन्या पोथ्या ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतला कर्ण समोर ठेवून बाईंनी लिहिले आहे, आणि कादंबरीतला दानशूर, अन्यायग्रस्त नायक तिथे बराच वेगळा दिसतो. काही वाचक यावर रागावतात. रागावू द्यावे, त्यातूनच पुढचे पुस्तक मागितले जाते. पुढचे म्हणजे भैरप्पांचे ‘पर्व’, उमा कुलकर्णींच्या अनुवादात. चमत्कार बाजूला काढून महाभारत माणसांच्या पातळीवर आणणारी ही कादंबरी जाडजूड आहे. दहा दिवसांच्या देवघेवीत ती बसत नाही. मुदतवाढ आधीच मागून ठेवावी.

आता भालचंद्र नेमाडे. ‘कोसला’ (१९६३) सुचवणारे सहसा पुस्तकाचे मोठेपण सांगतात, ते अडते कुठे ते सांगत नाहीत. ते सुरुवातीलाच अडते. नायक पांडुरंग सांगवीकरचे ते बेफिकीर, ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ पेरलेले बोलणे काहींना पहिल्या पानावर आपलेसे वाटते, काहींना पन्नास पानांनंतरही खटकते. मनीचा, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा, भाग येईपर्यंत पुस्तकाचा निकाल लावू नये, एवढी एक सूचना शिफारशीत असली तरी पुष्कळ प्रती अर्ध्यावरून परत यायच्या थांबतील. आणि ‘कोसला’ आवडले म्हणून लगेच नेमाड्यांचीच ‘हिंदू’ हाती घेण्याची घाई नको. मध्ये चांगदेव पाटलाच्या चार कादंबऱ्या आहेत, त्यांचा क्रम ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ असा. वाचनालयात यातली एखादी नेहमी बाहेर गेलेली असते आणि सभासद हाती लागेल ती नेतो. ‘झूल’पासून सुरुवात करणाऱ्याला चांगदेव या गावाहून त्या गावाला का फिरतो आहे तेच उमगत नाही, आणि दोष कादंबरीवर येतो.

जी. ए. कुलकर्णींच्या बाबतीत हा प्रकार आणखी ठळक आहे. कात्रणात नुसते ‘जीएंचे काहीही वाचा’ असते. काहीही नव्हे! ‘रमलखुणा’त ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ अशा दोनच दीर्घकथा आहेत. दोनच आहेत म्हणून नवखा वाचक ते पुस्तक उचलतो आणि प्रतीकांच्या त्या जगात पत्ता हरवून बसतो. ‘निळासावळा’ किंवा ‘पारवा’पासून सुरू करावे. तिथे ओळखीची घरे, ओळखीची माणसे आहेत आणि नियतीचा फास हळूहळू आवळत जातो. मग ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’, त्यानंतर ‘काजळमाया’ आणि ‘पिंगळावेळ’. ‘रमलखुणा’ अगदी शेवटी. एका बैठकीत एकच कथा वाचावी. लागोपाठ तीन वाचल्या की तिसरीतले दुःख पहिलीसारखेच वाटू लागते आणि मग ‘सगळे सारखेच लिहितात’ असे पत्र आपल्याकडे येते.

गूढ आणि भयकथांची मागणी कधीच आटत नाही. इथे एक गमतीचा घोटाळा २०१८ पासून चालू आहे. ‘तुंबाड’ चित्रपट पाहून लोक ‘तुंबाडचे पुस्तक’ मागतात आणि श्री. ना. पेंडशांचे ‘तुंबाडचे खोत’ घेऊन जातात. ती कोकणातल्या खोत घराण्याच्या पिढ्यांची दोन खंडांची कादंबरी आहे. तळघरातला हस्तर तिथे भेटत नाही. चित्रपटामागची प्रेरणा नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेची. चुकून नेलेले पेंडसे कित्येकांना आवडून जातात, ही जमेची बाजू. पण धारपच हवे असतील तर कथा आणि कादंबरी यांतला फरक शिफारशीत लिहावा. त्यांच्या आणि रत्नाकर मतकरींच्या कथा एका रात्रीत वाचून होतात. धारपांच्या मोठ्या कादंबऱ्यांची पहिली पानेच्या पाने वातावरण बांधण्यात जातात आणि उतावळा वाचक तिथेच पुस्तक मिटतो. या प्रकारात शेवट सांगून टाकणारे अभिप्राय कृपया छापू नका. रहस्य कोणी फोडले की ते पुस्तक त्या गावात महिनाभर कोणी मागत नाही.

आत्मकथनांबाबत वेगळी तक्रार आहे. ‘दलित साहित्यातील एक हृदयद्रावक पुस्तक’ या एकाच ओळीखाली दया पवारांचे ‘बलुतं’, लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’, बेबी कांबळ्यांचे ‘जिणं आमुचं’, उर्मिला पवारांचे ‘आयदान’ सगळे कोंबले जाते. ‘उपरा’ कैकाडी समाजाच्या भटकंतीचे आहे. ‘उचल्या’त ज्यांच्या माथी गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला त्या जमातीचे जगणे आहे. ‘आयदान’ कोकणातले, बाईने लिहिलेले आणि चळवळीतल्या पुरुषांनाही प्रश्न विचारणारे. यांची भाषा वेगळी, भूगोल वेगळा, रागाची जातही वेगळी. हृदय द्रवण्यासाठी यांतले एकही लिहिले गेलेले नाही. प्रथमच वाचणाऱ्याला ‘बलुतं’ (१९७८) द्यावे, कारण दगडू मारुती पवार (हे लेखकाचेच मूळ नाव) आणि शिकलेला दया पवार यांच्यातल्या बोलण्यातून ते उलगडते आणि वाचकाला आत शिरायला दार मिळते. त्यानंतर ‘जिणं आमुचं’. ते छोटेखानी आहे, पण त्यात लेखिकेपेक्षा तिची वस्ती जास्त बोलते. हे आधी माहीत नसले तर ‘आत्मचरित्र आहे कुठे?’ असा प्रश्न पडतो.

अनुवादित पुस्तकाची शिफारस अनुवादकाच्या नावाशिवाय छापूच नये. ‘पाडस’ म्हणजे राम पटवर्धन, ‘चौघीजणी’ म्हणजे शांता शेळके, ‘तोत्तोचान’ म्हणजे चेतना सरदेशमुख गोसावी. एकाच परदेशी कादंबरीची मराठीत दोन-तीन रूपे असतात, त्यांपैकी एखादे मुलांसाठी निम्म्याहून लहान केलेले. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला ‘अनुवाद’, ‘रूपांतर’, ‘संक्षिप्त’ यांपैकी काय छापले आहे ते पाहावे, तिथे काहीच नसेल तर मूळ पुस्तकातल्या प्रकरणांची संख्या ताडून पाहावी. उलटही होते. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ अनुवाद म्हणून सुचवले जाते. ते त्यांनी स्वतः लिहिलेले चरित्र आहे.

कवितेच्या संग्रहाचे नुसते नाव सांगणे जवळजवळ व्यर्थ आहे. अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचू लागलेला माणूस हिपेशिया, कॅसान्ड्रा, रबिया अशा एकामागून एक रडणाऱ्या बायकांच्या रांगेत दमतो. त्याला एकच कविता सांगावी, पान क्रमांकासह, आणि त्या बाईची गोष्ट आधी दोन ओळींत सांगून ठेवावी. मर्ढेकरांचे संग्रह सुटे शोधत बसण्याचे कारण नाही, ‘मर्ढेकरांची कविता’त ते एकत्र मिळतात.

विज्ञानाच्या पुस्तकांत साल महत्त्वाचे, आणि तेही पहिल्या आवृत्तीचे. पुनर्मुद्रणाचे साल नवे असते, मजकूर जुनाच राहतो. खगोलशास्त्राचे पुस्तक हाती आले की ग्रह किती सांगितले आहेत ते आधी पाहावे. नऊ असतील तर ते २००६ पूर्वी, म्हणजे प्लूटोला ग्रहांतून वगळण्याआधी, लिहिलेले आहे किंवा त्यानंतर कोणी तपासलेले नाही. मुलाला स्पर्धा परीक्षेसाठी असे पुस्तक देणारे पालक नंतर वाचनालयाशी भांडतात. विज्ञानकथेला हा नियम लागू नाही. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’तल्या कथा १९७९ च्या म्हणून शिळ्या होत नाहीत. (‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, म्हणजे आद्याक्षरे उलटी करून. मुलांना ही गोष्ट सांगितली की पुस्तक लगेच नेतात.) अच्युत गोडबोल्यांचे ‘किमयागार’ पाठोपाठ वाचायची गरज नाही, एकेक शास्त्रज्ञ सुटा घेतला तरी चालतो, जाडी पाहून बिचकणाऱ्याला हे सांगावे लागते.

बालसाहित्यात वय लिहा, एवढेच मागणे. ‘मुलांसाठी उत्तम’ म्हणजे चार वर्षांचे की चौदा? माधुरी पुरंदऱ्यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’चे बालगटाचे दोन आणि कुमारगटाचे दोन असे चार भाग आहेत, आणि चुकीचा भाग नेला की पुस्तक मुलाच्या हातून सुटते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठ-नऊ वर्षांपासून पुढे, कुठलेही पुस्तक आधी घेतले तरी बिघडत नाही. ज्यांच्या गावात वाचनालयच नाही त्यांनी बालभारतीच्या संकेतस्थळावर ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक पाहावेत, पैसे पडत नाहीत.

पाककृतीच्या पुस्तकाबद्दल लिहिताना ‘एक वाटी’ म्हणजे किती हे पुस्तकात दिले आहे की नाही, ते नोंदवावे. घराघरांतल्या वाट्या दीडशे ते दोनशे मिलिलिटरच्या असतात. ढोकळा या फरकात बसतो तो कायमचाच.

आता पुस्तकाच्या अंगाबद्दल. ‘चारशे पानांचे आहे’ या माहितीला आकाराशिवाय अर्थ नाही. डेमी म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, क्राऊन त्याहून लहान. क्राऊनमधली चारशे पाने डेमीत बरीच कमी होतात. ज्येष्ठ वाचकांसाठी अक्षराचा आकार लिहावा. जुन्या आवृत्त्यांतला बारीक, दाट टाइप त्यांना झेपत नाही आणि ते पुस्तकालाच कंटाळवाणे म्हणतात. ‘मध्येच कथा तुटते’, ‘लेखकाचे सूत्र हरवते’ अशा अभिप्रायाची पत्रे आली तर वाचकाला पानांचे आकडे तपासायला सांगा. पुस्तक बहुधा १६ पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुडग्यांनी, बांधतात. एखादा फर्मा गळतो, दोनदा लागतो किंवा उलटा बसतो. फूटपाथवरच्या चोरट्या प्रतींत असे फार होते. तिथे कागद पातळ, मागची छपाई पुढे उमटलेली, मुखपृष्ठ धूसर आणि प्रकाशकाच्या पानावर अर्धी माहिती गायब असते. रीतसर विकत घेतलेल्या प्रतीत फर्मा चुकला असेल तर पावतीसह दुकानात न्यावी, ती बदलून मागायचा हक्क आहे. लेखकाचे सूत्र तोवर सुरक्षित आहे असे समजावे.

तेव्हा विनंती अशी. वाचकांकडून शिफारस मागवताना नावाखाली दोन-तीन ओळींची जागा सक्तीची करा. आवृत्तीचे साल, प्रकाशक, असल्यास अनुवादक, एकूण खंड. पुस्तक कुठे जड जाते. आणि ते कोणी घेऊ नये. हा शेवटचा रकाना बहुतेकजण रिकामा पाठवतील, तो भरल्याशिवाय छापू नका. आवडलेल्या पुस्तकाबद्दल हे लिहायला जड जाते, पण वाचनालयात सर्वांत जास्त उपयोग त्याच ओळीचा होतो. जागा कमी पडत असेल तर ‘अप्रतिम’ आणि ‘खिळवून ठेवणारे’ हे शब्द गाळा, पुष्कळ जागा मोकळी होईल. आणि स्तंभ शनिवारी आला तर बरे. बऱ्याच वाचनालयांना सोमवारी सुट्टी असते. रविवारचे कात्रण मंगळवारपर्यंत खिशात चुरगळते, आणि पुस्तकाचे नाव नेमके घडीवर आलेले असते.

आपला,
एक ग्रंथालय कर्मचारी, सांगली